पुढील भाग लवकरच

'क्रमशः' या शब्दाशी मराठी वाचकाचा परिचय फार जुना आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून त्यांच्या कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने वाचकांच्या हाती येऊ लागल्या. पुढे मासिकांनी ही प्रथा सांभाळली आणि दूरचित्रवाणीच्या मालिकांनी ती घरोघरी नेली. एखादे प्रकरण ऐन मोक्याच्या जागी तोडावे आणि वाचकाला आठवडाभर तिष्ठत ठेवावे, यात लेखकाचा खोडसाळपणा असे, पण वाचकाची त्यास संमतीही असे. पुढचा अंक अमुक दिवशी येणार, हे त्याला ठाऊक होते. वाट पाहण्यातील गोडी या निश्चितीवर अवलंबून होती.

ही निश्चिती काढून घेतली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण गेल्या वीस वर्षांत संगणकीय खेळांच्या व्यवसायाने पुरविले आहे. विषय पोरखेळाचा वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यांचा दिवस ग्राहकाला 'थोडे थांबावे लागेल' असे सांगण्यात जातो आणि ज्यांना ते वाक्य काउंटरच्या दुसऱ्या बाजूला उभे राहून ऐकावे लागते, अशा दोघांनीही तो पाहण्याजोगा आहे.

ज्यांचा या खेळांशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. संगणकावरील खेळ म्हणजे केवळ गोळीबार वा मोटारींच्या शर्यती नव्हेत. त्यातील एक मोठा वर्ग कथाप्रधान आहे. त्यात नायक असतो, त्याचे सोबती असतात, आणि खेळणाऱ्याच्या निर्णयांवर कथेचे वळण बेतलेले असते. असा खेळ तयार होण्यास अनेक वर्षे आणि अफाट भांडवल लागते आणि तोवर उत्पन्न शून्य असते. यावर उपाय म्हणून २००६ च्या सुमारास काही कंपन्यांनी भागांची कल्पना पुढे आणली. तीन-चार तासांचा एक भाग तयार करावा, तो कमी किमतीत विकावा, त्या पैशांवर पुढचा भाग रचावा. ग्राहकाला थोडक्या पैशांत चव घेता येते, कंपनीचा पैसा लवकर फिरतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यात वावगे काहीच दिसणार नाही. खेळते भांडवल या शब्दाचा इतका शब्दशः प्रत्यय अन्यत्र क्वचितच येईल!

मात्र या हिशेबात एक खाते उघडावयाचे राहून गेले. पहिला भाग विकला की त्याबरोबर दुसऱ्या भागाचे वचनही विकले जाते. ताळेबंदाच्या देयतेच्या बाजूला ते दिसत नाही. कोणताही लेखापरीक्षक त्याची रक्कम विचारत नाही. पण ग्राहकाच्या मनातील खातेवहीत ते त्याच दिवशी नोंदले जाते.

अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीची कथा या बाबतीत सर्वाधिक बोलकी आहे. तिचा 'हाफ-लाइफ' हा खेळ १९९८ साली आला आणि गाजला. त्याचा पुढील खेळ यावयास सहा वर्षे लागली. 'हाफ-लाइफ २' नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आला. इतकी प्रतीक्षा ग्राहकांना पुन्हा घडू नये म्हणून कंपनीने यापुढची कथा तीन लहान भागांत देण्याचे ठरविले. पहिला भाग जून २००६ मध्ये आला. तिसरा भाग २००७ च्या नाताळपर्यंत देण्याचा मनोदय त्याच सुमारास व्यक्त झाला होता. दुसरा भाग ऑक्टोबर २००७ मध्ये आला. त्याचा शेवट असा की नायिकेच्या डोळ्यांदेखत तिच्या वडिलांचा अंत होतो आणि पडदा पडतो. नाताळ आला आणि गेला. तिसरा भाग त्या वर्षी आला नाही, पुढच्याही वर्षी आला नाही. तो आजतागायत आलेला नाही. प्रतीक्षा कमी करण्यासाठी योजलेल्या उपायानेच या व्यवसायातील सर्वांत प्रसिद्ध प्रतीक्षा जन्मास घातली, याला दैवाची थट्टा म्हणावे लागेल.

ग्राहकांचे वर्तन येथे विशेष लक्षणीय आहे. ऑगस्ट २०११ मध्ये दोन तरुण हातात फलक घेऊन कंपनीच्या कार्यालयाबाहेर उभे राहिले होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याहून मोठा आणि अधिक सुबुद्ध प्रयत्न झाला. एका ठरलेल्या दिवशी चाहत्यांनी जुना 'हाफ-लाइफ २' एकाच वेळी खेळावयास घ्यावा, म्हणजे कंपनीच्याच आकडेवारीत तो वर चढेल आणि तिचे लक्ष वेधले जाईल, अशी ही शक्कल होती. १३ हजारांहून अधिक लोक त्या दिवशी एकाच वेळी तो सात वर्षांचा जुना खेळ खेळत होते. निषेधाचा याहून सभ्य प्रकार शोधून सापडणार नाही. आणि त्यांची मागणी काय होती? खेळ ताबडतोब द्या, अशी ती नव्हतीच. काय चालले आहे ते सांगा, एवढीच होती.

या मागणीकडे नीट पाहिले पाहिजे. कायद्याच्या दृष्टीने या मंडळींचे काही देणे लागत नव्हते. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे विकला गेला होता आणि ज्याचे पैसे दिले तो माल मिळाला होता. तिसऱ्या भागाचा एक पैसाही कोणी भरलेला नव्हता. तेव्हा 'तुमचा हक्क काय?' असा प्रश्न करणे सोपे होते आणि तो केलाही गेला. परंतु अपूर्ण कथा विकणारा दुकानदार आणि पूर्ण वस्तू विकणारा दुकानदार यांत फरक आहे. पहिल्याने ग्राहकाची उत्सुकता हाच आपला माल केलेला असतो. दुसरा भाग ज्यांनी विकत घेतला, त्यांतील अनेकांनी तो तिसऱ्याच्या भरवशावर घेतला होता, हे कंपनीला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. येथे देणे नव्हते हे खरे, पण शब्द होता. आणि शब्द मागे घ्यावयाचा असेल तर तोही उघडपणे मागे घेतला जावा, ही अपेक्षा वाजवीच म्हटली पाहिजे. वर्षानुवर्षे बाळगलेले मौन हे नकारापेक्षा अधिक जाचक असते. नकार मिळालेला मनुष्य दुसऱ्या दुकानाकडे वळतो. मौन मिळालेला तेथेच उभा राहतो.

याच काळात टेक्सासमधील रिच्युअल या कंपनीने 'सिन' या आपल्या खेळाचे नऊ भाग काढण्याचे योजिले होते. पहिला मे २००६ मध्ये आला. जानेवारी २००७ मध्ये कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, तिला निराळ्या प्रकारचे खेळ हवे होते, आणि उरलेले आठ भाग तेथेच संपले.

ज्या ठिकाणी पैसे आगाऊ भरलेले असतात तेथे प्रश्न अधिक गंभीर होतो. कॅलिफोर्नियातील टेलटेल या कंपनीने भागांचा धंदा खऱ्या अर्थाने रुळावर आणला. २००६-०७ मध्ये तिने 'सॅम अँड मॅक्स' या विनोदी खेळाचे सहा भाग ऑक्टोबर ते एप्रिल या काळात देऊन दाखविले आणि वेळ पाळता येते हे सिद्ध केले. २०१२ साली 'द वॉकिंग डेड' चे पाच भाग एप्रिल ते नोव्हेंबर या काळात आले आणि कंपनीचे नाव सर्वतोमुखी झाले. एव्हाना संपूर्ण हंगामाची किंमत एकरकमी आधीच घेण्याची पद्धत रूढ झाली होती. परंतु यशाबरोबर कामे वाढली आणि कामांबरोबर अंतरे वाढली. 'द वुल्फ अमंग अस' या रहस्यकथेचा पहिला भाग ऑक्टोबर २०१३ मध्ये आला. दुसऱ्यासाठी फेब्रुवारी २०१४ उजाडले. रहस्यकथेत चार महिन्यांचा खंड पडला म्हणजे संशयितांची नावेदेखील आठवेनाशी होतात. खेळणाऱ्याच्या निर्णयांवर कथा चालते म्हणावे आणि आपण कोणता निर्णय घेतला होता तेच त्याने विसरावे, अशी ही अवस्था. ग्राहकांच्या चिडण्याला 'उतावळेपणा' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले नाही. येथे विलंबाने केवळ वेळ जात नाही, माल खराब होतो. दूध उशिरा आले तर ते नुसते उशिरा आलेले दूध राहत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये याच कंपनीने 'द वॉकिंग डेड' चा अखेरचा हंगाम सुरू केला. चार भागांचे पैसे अनेकांनी आधीच भरले होते. २१ सप्टेंबर रोजी कंपनीने सुमारे अडीचशेंपैकी केवळ २५ कर्मचारी ठेवून बाकी सर्वांना घरी पाठविले. दुसरा भाग त्यानंतर चारच दिवसांनी ठरल्याप्रमाणे प्रसिद्ध झाला. ते तयार करणारे बहुतेक हात तोवर बेकार झाले होते. पुढे हंगामाची विक्रीच थांबविण्यात आली.

आगाऊ रक्कम भरणारा ग्राहक हा वस्तुतः विनातारण, बिनव्याजी कर्ज देणारा धनको असतो. फरक इतकाच की त्याला ते माहीत नसते. बँक दहा लाखांचे कर्ज देताना ताळेबंद मागते, तारण मागते, जामीनदार मागते. पंचवीस डॉलर देणारा काहीच मागत नाही आणि असे लक्षावधी जण मिळून जी रक्कम उभी करतात ती कोणत्याही कर्ज मंजुरी समितीसमोर गेलेली नसते. लेखाशास्त्राचा नियम स्पष्ट आहे. जो भाग अद्याप दिला नाही त्याचे पैसे हे उत्पन्न नव्हे, ते दायित्व. परंतु वहीत दायित्व लिहिल्याने तिजोरीत पैसे शिल्लक राहतात असे नाही. चालू भागाचा खर्च पुढील भागाच्या पैशांतून भागू लागला की, इमारतीच्या धंद्यात एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्यात वळविण्याने जे होते, तेच येथेही होते. आपल्याकडे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने घर घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पासाठी स्वतंत्र बँक खात्यात ठेवण्याचे बंधन घातले आणि ताबा वेळेवर न दिल्यास व्याजासह परताव्याचा हक्क दिला. खेळाच्या एका भागासाठी एवढा कायदा कोणी करणार नाही आणि तो करण्याची गरजही नाही. पण ज्या दुखण्यावर तो उपाय आहे ते दुखणे तेच आहे.

टेलटेलच्या ग्राहकांचे नशीब बरे. 'द वॉकिंग डेड' ही मूळ चित्रकथा लिहिणाऱ्या रॉबर्ट कर्कमन यांच्या स्कायबाउंड या कंपनीने काम हाती घेतले, जुन्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना पुन्हा कामावर घेतले आणि उरलेले दोन भाग जानेवारी व मार्च २०१९ मध्ये पूर्ण केले. ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांना पुन्हा भरावे लागले नाहीत.

त्या सप्टेंबरात एक अस्वस्थ करणारा वादही झाला. कथा अपूर्ण राहिली म्हणून काही ग्राहक संतापले होते, तर ज्यांना नोकरीबरोबर कसलीही भरपाई मिळाली नाही त्या कर्मचाऱ्यांचे काय, असा प्रश्न दुसरे विचारीत होते. दुसरा प्रश्न अधिक वजनाचा होता यात शंका नाही. या व्यवसायात मुदत गाठण्यासाठी आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस काम करवून घेण्याची वाईट प्रथा आहे आणि टेलटेलमधील कामाचा असह्य रेटा पुढे जगजाहीर झाला. ग्राहकाची घाई आणि कर्मचाऱ्याची झोप यांचा संबंध आहे. मार्चअखेरचे दिवस अनुभवलेल्या बँक कर्मचाऱ्यांना तो समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि यावरून ग्राहकाने तारीख विचारूच नये, असा निष्कर्ष काढणाऱ्यांचे म्हणणे मान्य होण्यासारखे नाही. अशक्य तारीख ग्राहकाने ठरविलेली नसते. ती जाहिरातीसाठी कंपनीने स्वतःच दिलेली असते आणि तिचा भार मात्र ज्यांनी ती दिली नाही त्यांच्या खांद्यावर पडतो.

विलंब झाला तरी ग्राहक टिकून राहतो, याचीही उदाहरणे आहेत. 'केंटकी रूट झिरो' हा खेळ तिघांनी मिळून तयार केला. २०११ साली त्यांनी लोकवर्गणीसाठी मागितलेली रक्कम होती अवघी साडेसहा हजार डॉलर. पाच अंकांचा हा खेळ, पहिला अंक जानेवारी २०१३ मध्ये आला आणि अंकांमधील अंतर काही महिन्यांचे राहील असा अंदाज होता. तिसऱ्या आणि चौथ्या अंकात दोन वर्षांहून अधिक अंतर पडले. चौथ्या आणि पाचव्यात साडेतीन वर्षांचे. पाचवा अंक जानेवारी २०२० मध्ये आला. या सात वर्षांत नाराजी नव्हती असे नाही. परंतु मधल्या काळात त्या तिघांनी छोटी छोटी उपकथानके विनामूल्य दिली, आणि काम चालू आहे याची खूण ग्राहकाला मिळत राहिली. योगायोग असा की या खेळाचा विषयच कर्जबाजारीपणा हा आहे. कर्जात बुडालेल्या गावांची आणि माणसांची ती कथा आहे, आणि बँकेत नोकरी करणाऱ्याने ती एकदा तरी पाहावी.

'ब्रोकन एज' या खेळाची हकिगत याहून निराळी. टिम शेफर यांच्या डबल फाइन कंपनीने २०१२ मध्ये चार लाख डॉलर मागितले आणि लोकांनी तेहतीस लाखांहून अधिक दिले. इतके पैसे मिळूनही ते पुरले नाहीत, कारण पैशांबरोबर योजनाही फुगली. जुलै २०१३ मध्ये शेफर यांनी वर्गणीदारांना तसे सरळ कळविले. खेळाचे दोन भाग करावे लागतील, पहिल्याच्या विक्रीतून दुसरा पूर्ण होईल. पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये आला, दुसरा एप्रिल २०१५ मध्ये. नियोजनाच्या परीक्षेत या कंपनीला उत्तीर्ण करता येणार नाही. मात्र निर्मितीची प्रत्येक अडचण चित्रित करून वर्गणीदारांपुढे ठेवण्याचा प्रामाणिकपणा तिने दाखविला, आणि रागावलेल्या ग्राहकाशीही बोलत राहता येते हे सिद्ध केले.

भारतीय बँकिंगमध्ये विलंबाचा विचार अलीकडे अधिक काटेकोरपणे होऊ लागला आहे. एटीएममधून रोकड निघाली नाही पण खात्यातून रक्कम वजा झाली, तर ती पाच दिवसांत परत जमा व्हावी आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये ग्राहकाला न मागता मिळावेत, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ठरविले. कर्ज फिटल्यानंतर मालमत्तेची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करण्याविषयीचे सप्टेंबर २०२३ चे परिपत्रक तर बारकाईने वाचण्यासारखे आहे. विलंब बँकेमुळे झाला असेल तर दिवसाला ५,००० रुपये, हा त्यातील आकडा सर्वांच्या ध्यानात राहिला. पण त्याच परिपत्रकात आणखी एक अपेक्षा आहे आणि तिची चर्चा कमी होते. विलंब होत असेल तर त्याचे कारण कर्जदाराला कळविले पाहिजे. भरपाई आणि कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक दिल्याने दुसरी दिल्यासारखे होत नाही, हे नियामकाने येथे मान्य केले आहे. 'फाइल वर गेली आहे' हे कारण नव्हे, हे वेगळे सांगावयास नको.

चार्ल्स डिकन्स याबाबतीत दीडशे वर्षे पुढे होता असे म्हणावयास हरकत नाही. 'पिक्विक पेपर्स' दर महिन्याला प्रसिद्ध होत असता मे १८३७ मध्ये त्याच्या तरुण मेहुणीचे अकस्मात निधन झाले आणि जूनचा भाग निघू शकला नाही. पुढील भागात त्याने वाचकांना खंडाचे कारण सांगितले. अखेरची कादंबरी 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' बारा भागांत निघावयाची होती. प्रकाशकाशी करार करताना आपण मध्येच मरण पावलो वा लिहिण्यास असमर्थ झालो तर प्रकाशकाला किती रक्कम परत द्यावी हे लवादाने ठरवावे, असे कलम डिकन्सने स्वतः आग्रहाने घालून घेतले. जून १८७० मध्ये तो वारला, तेव्हा जेमतेम सहा भागांचा मजकूर तयार होता. खून झाला की नाही आणि झाला असल्यास तो कोणी केला, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

व्हॉल्व्हच्या तिसऱ्या भागाचे काय झाले, ते कळावयास बराच काळ जावा लागला. मालिकेचे लेखक मार्क लेडलॉ यांनी कंपनी सोडल्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये, पात्रांची नावे बदलून, एका पत्राच्या रूपात आपल्या कल्पनेतील शेवट सांगून टाकला. मार्च २०२० मध्ये 'हाफ-लाइफ: ॲलिक्स' आला आणि त्याने कथा त्या जुन्या मृत्यूच्या प्रसंगापाशी पुन्हा आणून जराशी पुढे सरकविली, पण तो खेळण्यास डोळ्यांवर चढवावयाचे महागडे उपकरण लागते. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये, 'हाफ-लाइफ २' ला वीस वर्षे झाली त्या निमित्ताने, कंपनीने एक दीर्घ माहितीपट प्रसिद्ध केला. त्यात तिसऱ्या भागासाठी केलेले अर्धवट काम, बर्फ फेकणारे एक शस्त्र, एक लिबलिबीत प्राणी, हे सर्व प्रथमच दाखविले गेले. कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी कारणही सांगितले. केवळ कथा पुढे नेण्यासाठी खेळ काढणे म्हणजे ग्राहकांप्रती असलेल्या कर्तव्यातून पळवाट काढणे होय असे त्यांना वाटत होते, आणि त्या भागात नवे असे काय द्यावे ते त्यांना सुचत नव्हते.

कारण पटण्यासारखे आहे की नाही, यावर मतभेद होतील. ते प्रामाणिक आहे एवढे नक्की, आणि २००८ साली वा २०१२ च्या त्या फेब्रुवारीतही ते देता आले असते. माहितीपटाबरोबर कंपनीने 'हाफ-लाइफ २' काही दिवस विनामूल्य दिला आणि पुढचे दोन्ही भाग त्यातच जोडून टाकले. जे २००७ साली विद्यार्थी होते आणि आता स्वतःच्या मुलांच्या शाळेची फी भरतात, त्यांतील कित्येकांनी तो पुन्हा उतरवून घेतला.